चित्र पाहून मागवलेली वस्तू : सचित्र सूचीपत्रे, व्ही. पी. टपाल आणि शिरूर-दौंड परिसर (१८७७ ते १९२०)

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत मुंबई इलाख्यातील तालुक्याच्या गावी खरेदीची एक नवी रीत पोहोचली. दुकानात जाऊन, वस्तू हातात घेऊन, उलटसुलट पाहून आणि घासाघीस करून ती विकत घेण्याऐवजी छापील पत्रकातील चित्र पाहायचे, मजकूर वाचायचा, पत्र टाकायचे आणि टपालाने वस्तू येण्याची वाट पाहायची, अशी ही रीत होती. ‘किंमत एक रुपया, टपालखर्च निराळा, व्ही. पी.ने पाठवू’ या धर्तीची वाक्ये मराठी वृत्तपत्रांच्या आणि मासिकांच्या जाहिरातींत इतकी रूढ झाली की त्यांमागे एक मोठे सामाजिक स्थित्यंतर आहे, याकडे अभ्यासकांचे सहसा लक्ष जात नाही. आर्थिक इतिहासात कापूस, रेल्वे, सावकारी आणि दुष्काळ यांचा विचार होतो. सूचीपत्रातील चावीचे खेळणे, जादूचा कंदील किंवा खिशातले घड्याळ मात्र किरकोळ ठरते.

प्रस्तुत लेखात या किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंचा विचार पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या दोन गावांच्या संदर्भात केला आहे. सचित्र सूचीपत्राचा व्यापार मोफसलात रुजला तो केवळ रेल्वेमुळे किंवा छपाईमुळे नव्हे. अनोळखी विक्रेता आणि अनोळखी ग्राहक यांच्यातील विश्वासाची जबाबदारी टपालखात्याने अंशतः उचलल्यामुळे तो रुजला, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. खेळणी आणि नवलाईच्या वस्तू यांच्या बाबतीत या विश्वासाची सर्वांत कठीण परीक्षा झाली. कारण त्यांचे जवळजवळ सारे मोल चित्रातच होते.

दोन गावे, दोन मार्ग

शिरूर आणि दौंड ही दोन्ही गावे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील. दोन्ही नदीकाठची, शिरूर घोडनदीच्या काठी, तर दौंड भीमेच्या काठी. तरीही त्यांची घडण भिन्न आहे. शिरूर हे पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) रस्त्यावरील गाव. नदीच्या नावावरून ते घोडनदी म्हणूनही ओळखले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे इंग्रजांची लष्करी छावणी होती. कोरेगावच्या लढाईसाठी कॅप्टन स्टाँटनची तुकडी ३१ डिसेंबर १८१७ रोजी शिरूरहूनच निघाली होती. पुढे छावणीचे महत्त्व ओसरले, तरी तालुक्याची कचेरी, बाजारपेठ, सावकारी पेढ्या आणि अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र यांमुळे गावाला नागरी वळण मिळाले. मिशनने तेथे चालविलेली औद्योगिक शाळा सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नावाने ओळखली जाई.

दौंडचे महत्त्व लोहमार्गाने घडविले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा पुण्याहून आग्नेयेकडे जाणारा फाटा १८५८-५९ मध्ये दौंडवरून पुढे गेला. बोरघाटातील मार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाल्यावर मुंबईशी सलग दळणवळण सुरू झाले. १८७८ मध्ये दौंड ते मनमाड हा सुमारे १४५ मैलांचा लोहमार्ग खुला झाला आणि दौंड जंक्शन बनले. इंग्रजी कागदपत्रांत ‘धोंड’ असे लिहिले जाणारे हे गाव दक्षिणेकडील आणि उत्तरेकडील वाहतुकीचा सांधा ठरले. रेल्वे कर्मचाऱ्यांची वसाहत आणि त्यांतील अँग्लो-इंडियन कुटुंबे ही त्याची पुढील काळातील ओळख होय.

या नव्या मार्गाने अहमदनगरकडील माल रेल्वेवर गेला. शिरूरवरून जाणाऱ्या जुन्या रस्त्याचे व्यापारी महत्त्व त्यामुळे घटणे अपरिहार्य होते. लोहमार्ग शिरूरला टाळून गेला. वजनदार यंत्र, लोखंडी पेटी किंवा फर्निचर मागवायचे असेल तर रेल्वे स्थानक असलेल्या दौंडचा ग्राहक उघडच सोयीत होता. स्थानकावर पार्सल सोडवून घेण्यास त्याला चार पावले चालावे लागत. शिरूरच्या ग्राहकाला मात्र पुढील वाटेसाठी बैलगाडी किंवा टांगा पाहावा लागे.

टपालाच्या बाबतीत हे अंतर बरेच कमी होते. १ ऑक्टोबर १८५४ पासून भारतात पत्राचा दर अंतरावर न ठरता वजनावर ठरू लागला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते पुण्याला जावो की कलकत्त्याला. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. सूचीपत्र मागविण्याचा खर्च यामुळे एका पैशावर आला आणि हा पैसा दौंडच्या गार्डसाहेबाला जितका पडे तितकाच शिरूरच्या शिक्षकालाही पडे. रेल्वेने जी दोन गावे असमान केली, ती टपालाच्या दराने कागदावर तरी समान झाली.

व्ही. पी. : तिसऱ्या हाताची व्यवस्था

पत्र स्वस्त झाल्याने मागणी नोंदविणे सोपे झाले. परंतु पैशांचा प्रश्न सुटला नाही. मुंबईच्या पेढीने शिरूरच्या अनोळखी माणसाला उधारीवर माल का पाठवावा आणि त्या माणसाने न पाहिलेल्या वस्तूचे पैसे आगाऊ का पाठवावेत? गावच्या व्यापारात हा प्रश्न ओळखीने सुटत असे. दुकानदार गिऱ्हाइकाला, त्याच्या बापाला आणि त्याच्या शेताला ओळखत असे. टपालाच्या व्यापारात ही ओळख नव्हती.

१८७७ मध्ये भारतीय टपालखात्याने सुरू केलेल्या ‘व्हॅल्यू पेएबल’ पद्धतीने यावर उपाय केला. तिची रचना साधी होती. विक्रेता पार्सल टपालात देताना वसूल करावयाची रक्कम नोंदवी. पोस्टमन ते पार्सल पत्त्यावर नेई, रक्कम घेई आणि मगच पार्सल हवाली करी. वसूल झालेली रक्कम टपालखाते विक्रेत्याकडे पोहोचवी. १८८० पासून मनीऑर्डरचे काम टपालखात्याकडे आल्यावर पैशांची ही ने-आण अधिक सुलभ झाली. ग्राहकाने पार्सल नाकारले तर ते परत जाई. मराठीत या पद्धतीचे ‘व्ही. पी.’ हे नाव इतके रुळले की ‘व्ही. पी. करणे’, ‘व्ही. पी. सोडवणे’ आणि ‘व्ही. पी. परत जाणे’ असे वाक्प्रचारच तयार झाले. मासिकांच्या वर्गण्या, पंचांगे, पोथ्या, औषधे आणि घड्याळे यांची विक्री या मार्गाने होऊ लागली.

या व्यवस्थेचे वेगळेपण जगाच्या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते. टपालाने माल विकण्याची आधुनिक परंपरा सांगताना वेल्समधील प्राइस-जोन्स यांचा १८६१ च्या सुमाराचा फ्लॅनेलचा व्यापार आणि अमेरिकेतील माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८७२ मध्ये काढलेले एकपानी किंमतपत्रक यांचा उल्लेख केला जातो. पुढे सीअर्स, रोबक आणि कंपनीची शेकडो पानांची सचित्र सूचीपत्रे अमेरिकी शेतकऱ्याच्या घरोघरी पोहोचली. परंतु अमेरिकेच्या टपालखात्याने माल पोहोचवून पैसे वसूल करण्याची सेवा १९१३ मध्ये सुरू केली. ब्रिटनमध्ये अंतर्गत टपालासाठी ती १९२६ मध्ये आली. युरोपखंडातील काही देशांत अशी रीत भारताच्या आधी होती, हे खरे. तरीही शिरूरच्या ग्राहकाला व्ही. पी.ची सोय आयोवातील शेतकऱ्यापेक्षा छत्तीस वर्षे आणि यॉर्कशायरच्या गिरणी कामगारापेक्षा जवळजवळ अर्धशतक आधी उपलब्ध झाली. वसाहतीला प्रत्येक नवी सोय मायदेशानंतरच मिळाली, असा जो सर्वसाधारण समज आहे, त्याला हे उदाहरण छेद देते.

सूचीपत्रातील चित्र

सूचीपत्राचा प्राण चित्र हा होता. आरंभीची चित्रे लाकडावर कोरलेल्या ठशांवरून छापली जात. पुढे धातूचे ठसे आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छायाचित्रावरून बनविलेले हाफटोन ब्लॉक प्रचारात आले. वस्तू बनविणारा कारखानदार पुष्कळदा तयार ठसे विक्रेत्यांना पुरवी. त्यामुळे एकच घड्याळ किंवा एकच बाहुली निरनिराळ्या पेढ्यांच्या पत्रकांत त्याच रूपात दिसे आणि ग्राहकाला ती ओळखीची वाटू लागे. विक्रेत्याची ओळख नसली तरी चित्राची ओळख होई. ही ओळख फसवी असू शकते, हे मात्र वस्तू हाती आल्यावरच कळे.

चित्राला मोजमाप नसते, ही यातील मूळ अडचण होती. पानभर पसरलेली आगगाडी प्रत्यक्षात वितीएवढी असू शकते. ठशातील बारीक रेषा धातूचा झळाळ दाखवितात. पत्रा किती पातळ आहे, हे दाखवीत नाहीत. म्हणून उत्तम सूचीपत्रांत चित्राखाली लांबी-रुंदी, धातू, रंग आणि चावीची सोय यांचा तपशील असे. मजकुराचा हा भाग ग्राहकाच्या दृष्टीने चित्राइतकाच महत्त्वाचा होता; परंतु तो वाचता येणे ही वेगळी गोष्ट होती.

भारतात अशा सूचीपत्रांचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी. १८७१ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १८९१ मध्ये मुंबईत शाखा उघडली. तिच्या जाडजूड सूचीपत्रांत तंबूपासून चहाच्या भांड्यांपर्यंत सारे काही असे आणि खेळण्यांचा स्वतंत्र विभागही असे. तिच्या १९०७ च्या सूचीपत्राचे पुनर्मुद्रण १९६९ मध्ये झाले. त्यामुळे ते आज अभ्यासकांना सहज पाहता येते. व्हाइटअवे, लेडलॉ आणि कंपनीसारख्या पेढ्याही टपालाने मागणी घेत. या पेढ्यांचा मुख्य ग्राहक लष्करी व मुलकी युरोपीय अधिकारी हा होता. दौंडच्या रेल्वे वसाहतीसारख्या इंग्रजी जाणणाऱ्या वस्त्या अशा सूचीपत्रांच्या स्वाभाविक कक्षेत येत. शिरूरसारख्या गावात कचेरीतील कारकून, वकील, व्यापारी आणि शिक्षक यांना अधिक जवळची होती ती मराठी वृत्तपत्रांतून व मासिकांतून येणारी जाहिरात आणि मुंबई-पुण्याच्या देशी पेढ्यांची लहान किंमतपत्रके.

खेळणी आणि नवलाईच्या वस्तू

खेळणी ही काही सूचीपत्राने आणलेली गोष्ट नव्हे. घोडनदी आणि भीमेच्या काठच्या गावांत मुलांच्या खेळाची सामग्री स्थानिक कारागिरांकडून येत असे. कुंभाराचे मातीचे बैल, सुताराचे लाकडी घोडे आणि पांगुळगाडे, लाकडाची ठकी, घरी शिवलेली चिंध्यांची बाहुली आणि भातुकलीची भांडी ही ती सामग्री. जत्रेतल्या दुकानांत रंगीत भिरभिरी आणि पिपाण्या मिळत. या वस्तूंचा कारागीर ओळखीचा असे आणि किंमत पुष्कळदा धान्यातही चुकविता येई. पुण्याच्या मातीच्या बाहुल्या आणि सावंतवाडीची लाकडी खेळणी यांना तर दूरवर नाव होते.

सूचीपत्रातील खेळणे या सर्वांहून वेगळे होते. ते यंत्राने बनलेले, पत्र्याचे, चावीवर चालणारे आणि बहुधा जर्मनीत तयार झालेले असे. न्युरेंबर्ग आणि सोनेबर्ग ही त्या काळी जगाच्या खेळण्यांची केंद्रे होती. त्याच्या जोडीला ‘नवलाईच्या वस्तू’ हा वर्ग होता. कॅलिडोस्कोप, स्टिरिओस्कोप आणि त्याची जोडचित्रे, जादूचा कंदील आणि त्याच्या काचा, हातचलाखीचे साहित्य, तोंडाने वाजविण्याचे बाजे, खिशातील भिंगे अशी ही यादी सांगता येईल. अमेरिकेत १९१४ मध्ये शिकागोत व्यवसाय सुरू करणाऱ्या जॉन्सन स्मिथ कंपनीने तर केवळ गमतीच्या वस्तूंवर आधारलेली सूचीपत्रे काढली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली.

या वस्तूंचे टपालाच्या दृष्टीने एक वैशिष्ट्य होते. त्या आकाराने लहान, वजनाने हलक्या आणि वजनाच्या मानाने महाग होत्या. रेल्वे पार्सलाची त्यांना गरज नव्हती. पोस्टमनच्या झोळीत त्या मावत. म्हणूनच लोहमार्गावरील दौंड आणि लोहमार्गापासून दूर असलेले शिरूर यांतील फरक नांगर किंवा पंप यांच्या बाबतीत जितका जाणवे, तितका घड्याळ, चित्र आणि खेळणे यांच्या बाबतीत जाणवण्याचे कारण नव्हते. टपालाच्या व्यापारात प्रथम कोणत्या वस्तू आल्या, याचे उत्तर लोकांच्या हौसेत जितके आहे, तितकेच पार्सलाच्या वजनातही आहे.

या वस्तूंना खेळ म्हणून बाजूला सारणे इतिहासाच्या दृष्टीने योग्य ठरणार नाही. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९० च्या दशकात जादूच्या कंदिलावर आधारित ‘शांबरिक खरोलिका’ हा खेळ उभा केला आणि काचेवर रंगविलेल्या चित्रांतून पौराणिक कथा पडद्यावर आणल्या. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचे प्रदर्शन झाले. त्यानंतर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी इंग्लंडहून रायली ब्रदर्स या पेढीचा कॅमेरा २१ गिनींना मागविला आणि १८९९ मध्ये मुंबईतील कुस्तीचे चित्रण केले. ही पेढी मुळात जादूच्या कंदिलांच्या साहित्याची विक्रेती होती. धुंडिराज गोविंद फाळके यांची गोष्ट याहून बोलकी आहे. लोणावळ्यात छपाईचा व्यवसाय केलेले आणि हातचलाखीचे प्रयोग जाणणारे फाळके १९११ च्या सुमारास चित्रपटाकडे वळले, तेव्हा त्यांनी युरोपातून सूचीपत्रे, पुस्तके आणि साहित्य जमविले. एक लहानसा कॅमेरा व फिती घेऊन ते मेणबत्तीच्या उजेडात घराच्या भिंतीवर चित्रे पाडून पाहत. १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. ज्या वर्गाच्या वस्तू किंमतपत्रकात ‘करमणूक’ म्हणून छापल्या जात, त्याच वर्गातून एका उद्योगाची सुरुवात झाली. सूचीपत्र हे केवळ विक्रीचे साधन नव्हते. शाळेत न शिकविले जाणारे यंत्रज्ञान घरी आणणारे ते एक पुस्तक होते.

कागद आणि वस्तू : करडे-सुपे येथील अनुभव

शिरूर आणि दौंडच्या परिसरात छापील किंवा लिखित कागदावर विश्वास ठेवण्याचा प्रश्न निव्वळ हौसेचा नव्हता. त्याला अगदी ताजी आणि कडवट पार्श्वभूमी होती. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावी सावकाराविरुद्ध सामाजिक बहिष्कार सुरू झाला. १२ मे १८७५ रोजी त्या काळच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. दख्खनचे दंगे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उठावात रयतेचा रोख प्रामुख्याने सावकारांच्या दप्तरावर होता. खते, रोखे आणि हिशेबाच्या वह्या हिसकावून जाळण्यात आल्या. त्यामागील तक्रार स्पष्ट होती. रोख्यावर लिहिलेली रक्कम आणि हातात पडलेली रक्कम यांचा मेळ नव्हता. आणि कागद वाचता न येणाऱ्याने त्यावर अंगठा उठविलेला असे.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने यावर जो उपाय योजला, त्याचे स्वरूप प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. शेतकऱ्याचे दस्तऐवज गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावेत, मजकूर त्याला वाचून दाखवावा आणि व्यवहारातील मोबदला कागदावर नीट नमूद व्हावा, अशी व्यवस्था करण्यात आली. कागद आणि प्रत्यक्ष यांच्यामध्ये सरकारने एक माणूस उभा केला.

व्ही. पी. पद्धतीचा जन्म या दंग्यांतून झाला नाही. ती साऱ्या देशासाठी केलेली टपालखात्याची व्यवस्था होती. तरीही एकाच परिसरात, चार-पाच वर्षांच्या अंतराने, दोन प्रकारच्या कागदांशी रयतेचा आणि मध्यमवर्गाचा संबंध आला, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. एका कागदावर घेतलेल्या कर्जाचा आकडा होता, दुसऱ्यावर येणाऱ्या वस्तूचे चित्र. दोहोंत फसवणुकीची जागा एकच होती : कागदावरचे मोठे आणि हातातले लहान. दोहोंत सरकारने मध्यस्थ नेमला; एकीकडे नोंदणी अधिकारी, दुसरीकडे पोस्टमन.

या मध्यस्थीच्या मर्यादाही सारख्याच होत्या. पैसे दिल्याशिवाय ग्राहकाला पार्सल उघडता येत नसे. म्हणजे पोस्टमन विक्रेत्याच्या पैशांची हमी देई, ग्राहकाच्या वस्तूची नव्हे. पेटीत घड्याळाऐवजी घड्याळाचे खेळणे निघाले तर पोस्टमन काय करणार? न मागितलेल्या वस्तू व्ही. पी.ने पाठवून भोळ्या माणसाकडून पैसे काढण्याची युक्तीही शक्य होती. म्हणून १८९८ च्या टपाल कायद्यात आणि त्यातील पुढील तरतुदींत या पद्धतीवर बंधने आली. पार्सल खऱ्या मागणीनुसारच पाठविले आहे, असे प्रतिज्ञापन विक्रेत्याकडून घेण्याची आणि फसवणुकीच्या प्रकरणी वसूल केलेली रक्कम रोखून ती ग्राहकास परत देण्याची सोय नियमांत झाली. ग्राहकाच्या हक्काची भाषा भारतात १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सर्वतोमुखी झाली; परंतु दूरच्या विक्रेत्यापासून ग्राहकाला संरक्षण हवे, ही कल्पना टपालखात्याच्या नियमांत त्याच्या कितीतरी आधी आलेली दिसते.

ग्राहक कोण होता?

टपालाचा दर सर्वांना समान होता, याचा अर्थ टपालाचा व्यापार सर्वांसाठी होता, असा नाही. १९०१ च्या जनगणनेनुसार भारतातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा ५.३५ होते; पुरुषांत ९.८३ आणि स्त्रियांत अवघे ०.६०. रुपया-दीड रुपयाचे खेळणे, त्यावर टपालखर्च आणि व्ही. पी.चा आकार हा हिशेब आण्यांत रोजंदारी मोजणाऱ्या शेतमजुराच्या आवाक्यातील नव्हता. धान्यात व्यवहार करणाऱ्या घरात रोख रुपया पोस्टमनच्या हातावर ठेवणे हीच मोठी गोष्ट होती. सूचीपत्राचा ग्राहक हा नियमित पगार मिळविणारा होता. रेल्वेचा नोकर, कचेरीचा कारकून, मिशनचा कर्मचारी, शाळामास्तर आणि व्यापारी हे ते वर्ग. दौंड व शिरूर या दोन्ही गावांत ते होते. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर जवळजवळ नव्हते.

यातील शाळामास्तराचे स्थान विशेष आहे. खेड्यांतील शाखा टपालघरे चालविण्याचे काम टपालखात्याने पुष्कळ ठिकाणी गावच्या शिक्षकावर सोपविले होते. शाळा सुटल्यावर तोच मास्तर पत्रे वाचून दाखवी, मनीऑर्डरचा फॉर्म भरून देई आणि व्ही. पी.ची पावती करी. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी सूचीपत्रातील मोजमापाच्या ओळी वाचणारा तोच होता. चित्र सर्वांना दिसत असे. त्याखालची अट मास्तरला दिसे. दूरच्या पेढीवरील विश्वास हा अनेकदा जवळच्या मास्तरवरील विश्वास होता.

मुले ही या व्यवहारातील आणखी एक कडी. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ हे मासिक १८८१ मध्ये आणि वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ मध्ये सुरू झाले. टपालाने घरी येणारे आणि आपल्यासाठी छापलेले असे काही असते, ही जाणीव मराठी मुलांना या मासिकांनी दिली. खेळण्याच्या जाहिरातीला वाचक मिळण्यापूर्वी मुलाला वाचक म्हणून ओळख मिळणे आवश्यक होते.

स्वदेशी आणि महायुद्ध

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सूचीपत्रातील वस्तूंचे मूळ बदलले. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली. वस्तू कोठे बनली, हा प्रश्न ग्राहकाच्या मनात प्रथमच किमतीच्या बरोबरीने उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांच्या प्रेरणेने पैसा फंड उभा राहिला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगाव येथे काच कारखाना सुरू झाला. पै-पैशाच्या वर्गणीवर उभा राहिलेला हा उद्योग पुणे जिल्ह्यातलाच होता. जाहिरातींत ‘देशी’, ‘स्वदेशी’ ही विशेषणे चित्राइतकीच ठळक होऊ लागली. खेळण्यांच्या बाबतीत मात्र स्वदेशी पर्याय अपुरा होता. चावीचे यंत्र आणि पत्र्यावरील छपाई यांची साधने देशात फारशी नव्हती आणि कुंभाराचा मातीचा बैल टपालाने पाठविता येत नव्हता. स्थानिक खेळणे सूचीपत्राच्या स्पर्धेत हरले, असे म्हणण्यापेक्षा ते त्या स्पर्धेत उतरूच शकले नाही, असे म्हणणे अधिक योग्य होईल. ते फुटणारे होते आणि जड होते.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच जर्मन माल बंद झाला आणि त्याची जागा मोठ्या प्रमाणावर जपानी खेळण्यांनी घेतली. पत्रके तीच, भाषा तीच. मूळ देश मात्र बदलला. याच सुमारास सूचीपत्राचे एक वेगळे, कष्टाच्या उपयोगाचे रूप महाराष्ट्रात घडले. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झाले. कारखान्याची माहिती ग्राहकांपर्यंत नेणारे हे नियतकालिक पुढे मराठीतील एक प्रमुख मासिक बनले. नांगर विकणाऱ्या कारखान्याला वाचक घडविण्याची गरज वाटली, यातच सूचीपत्राने चाळीस वर्षांत घडविलेल्या सवयीची साक्ष आहे.

साधनांचा प्रश्न

या विषयाचे साधन स्वभावतःच नाशिवंत आहे. नवे सूचीपत्र आले की जुन्याच्या पुड्या होत. खेळणे मोडे आणि अडगळीत जाई. पुण्यात दिनकर केळकर यांनी जमविलेल्या व १९७५ मध्ये शासनाच्या स्वाधीन केलेल्या संग्रहात बाहुल्या व खेळणी जतन झाली आहेत. कारण त्यांना कलावस्तूचे मोल मिळाले. किंमतपत्रकाला असे मोल मिळाले नाही. तरी या इतिहासाची साधने संपूर्ण हरवलेली नाहीत. जुन्या वृत्तपत्रांची व मासिकांची जाहिरातीची पाने, व्यापारी घरांतील कीर्द-खतावण्या, व्ही. पी.च्या आणि मनीऑर्डरच्या पावत्या, रेल्वे वसाहतीतील कुटुंबांचे जुने अल्बम आणि मिशनची वार्षिक वृत्ते ही साधने तालुक्याच्या महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहेत. ग्रंथालयांत मासिकांची बांधणी करताना जाहिरातीची पाने काढून टाकण्याची प्रथा अनेक ठिकाणी होती. ती पाने हाच या विषयाचा मुख्य दस्तऐवज आहे, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, मोफसलातील नव्या ग्राहकाची घडण रेल्वेपेक्षा टपालखात्याने अधिक केली. लोहमार्गावरचे दौंड आणि त्यापासून दूर राहिलेले शिरूर यांची तुलना हे स्पष्ट करते. दुसरा, खेळणी आणि नवलाईच्या वस्तू या व्यापारात आघाडीवर असण्याचे कारण त्यांच्या हलकेपणात आहे आणि त्यांच्यातूनच चित्रपटासारख्या माध्यमाला आरंभीचे प्रयोगकर्ते मिळाले. तिसरा, कागदावरील चित्र आणि हातातील वस्तू यांतील अंतर भरून काढण्यासाठी राज्यसंस्थेने केलेली मध्यस्थी अपुरी होती. ती विक्रेत्याचे पैसे सुरक्षित करी. ग्राहकाचे संरक्षण पुष्कळ उशिरा आणि नियमांच्या पोटकलमांतून आले. चौथा, दराची समानता ही संधीची समानता ठरली नाही. साक्षरता आणि रोख पैसा या दोन उंबरठ्यांबाहेर बहुसंख्य लोक राहिले.

एकविसाव्या शतकात मोबाइलच्या पडद्यावरील चित्र पाहून वस्तू मागविणारा आणि ती हाती आल्यावर पैसे देणारा ग्राहक याच दोन गावांत पुन्हा दिसतो. यंत्र बदलले आहे. परंतु पैसे आधी की पेटी आधी, हा प्रश्न १८७७ मध्ये पोस्टमनच्या झोळीतून जसा आला, तसाच तो दारात उभा आहे. करड्याच्या रयतेने कागदाबद्दल जो संशय धरला होता, तो अडाणीपणाचा नव्हता. वाचता न येणाऱ्या माणसाला कागदाची नेमकी कोणती बाजू दाखवली जात नाही, याची ती अचूक जाण होती.